नागनाथ मापाऱ्याचे दोन थेंब

मानवतच्या धान्याच्या मोंढ्यात माणसं कशावरही भांडतात. भावावर भांडतात, ओलाव्यावर भांडतात, चहा कुणी सांगितला होता यावरसुद्धा भांडतात. पण नागनाथ मापाऱ्यानं आकडा उच्चारला की सगळे गप. सख्ख्या भावानं दिलेली नोटही उजेडात धरून बघणारे आडते तिथं बसतात. पण नागनाथनं 'साठ किलो चारशे' म्हटलं की त्यांचा हात मुकाट पेन शोधायला लागतो. चौतीस वर्षं झाली, हे असंच चाललंय.

हे काही त्यानं एकट्यानं कमावलेलं नव्हतं. त्याचा बाप माणिकराव, तोही मापारीच. जाताना माणसं पोराला शेत देतात, घर देतात. माणिकरावानं एक लोखंडी काटा दिला आणि एक वाक्य. "नाग्या, माप आपलं, माल त्यांचा. पोत्यात सोनं हाय का माती, ते आपण सांगायचं न्हाई. जेवढं तोललं तेवढंच बोल, म्हंजी कवा खोटा पडणार न्हाईस." पुढं इलेक्ट्रॉनिक काटा आला, लोखंडी भंगारात गेला, पण वाक्य राहिलं. सोयाबीनमध्ये खडे निघोत की तुरीत किडे निघोत, शेतकरी आणि आडत्या एकमेकांची गचांडी धरोत, हा आपला बाजूला उभा राहून उपरण्यानं मान पुसणार आणि म्हणणार, "माप माझं, माल तुमचा." पहिलं पोतं काट्यावर चढलं की 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही जुनी रीतही त्यानं सोडली नव्हती. नवी पोरं हसायची. हसू देत बापडी.

या नावलौकिकाचा एक तोटा होता. पोलिसांनी कुठं गांजा पकडला की तो तोलायला सरकारी शिक्क्याचा काटा लागतो, आणि पुढं कोर्टात उभं राहून न बिचकता आकडा सांगणारा माणूस लागतो. तालुक्यात या दोन्ही गोष्टी एकाच घरात. त्यामुळं जमादाराची जीप दारात आली की नागनाथ ओळखायचा. काखेत काटा मारून निघायचा, नाकाला रुमाल बांधायचा, पोती तोलायची, आकडा सांगायचा, पंचनाम्यावर सही करायची आणि परत. असा नऊ वेळा तरी गेला असेल. अख्ख्या मोंढ्यात कुणाच्या हाताखालून गेला नसेल इतका गांजा या निर्व्यसनी माणसाच्या हाताखालून गेला होता. सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा हा बाबा!

परत आला की त्याची बायको धुरपताबाई त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवायची. घमेल्यात गरम पाणी तयार असायचं. कपडे बाहेरच काढायचे, अंघोळ करायची, मग घरात. तिचा थोरला भाऊ चिलमीच्या नादानं घरातून गेला होता तो आजतागायत परत आला नव्हता. त्याचं नावही ती काढायची नाही. पण त्या वासाशी तिचं उभं वैर होतं, आणि ते नागनाथला चांगलं ठाऊक होतं.

आता दुखण्याचं सांगतो.

मागच्या दिवाळीनंतर, सोयाबीनची आवक जोरात असताना, एका हमालाचा पाय घसरला. नागनाथनं पडणारं पोतं आडवं धरलं. मापाऱ्याचं काम तोलायचं, उचलायचं नाही. पण माणूस पडताना बघून हात मागं राहत नाही. त्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालायला वाकला आणि कंबरेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती कळ कुल्ल्यावरून, मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत उतरली आणि तिथंच बिऱ्हाड करून राहिली. बसलं तर दुखे, उठलं तर दुखे, शिंकलं तर विचारूच नका. आणि मोंढ्यात तर दिवसभर उभं राहायचं.

मग सुरू झाले उपाय. गावात दुखणं एक असतं आणि वैद्य शंभर असतात. कुणी निरगुडीचा शेक सांगितला, कुणी विटेचा. कुणी पायाच्या अंगठ्याला काळा दोरा बांधला. एकानं तर डाग द्यायला सळई तापवली होती, पण सळई लाल व्हायच्या आत नागनाथ लंगडत का होईना, पळाला. शेवटी सगळ्यांनी मिळून सांगितलं, पायाळू माणसाची लाथ घ्या. जन्मताना पायाकडून आलेला माणूस पायाळू. त्यानं कंबरेत लाथ मारली की भरलेली उसण निघून जाते, हे आपल्याकडं शाळेतले मास्तरसुद्धा मानतात. आणि मोंढ्यात पायाळू कोण? दत्ता. हा दत्ता नागनाथच्या हाताखालचा मापारी. मोठ्या काट्याची जागा म्हातारा कधी सोडतो याची सहा वर्षं वाट बघत बसलेला.

"काका, मनात काय आणू नका हं," असं म्हणून दत्तानं तीन लाथा घातल्या. पहिली रीतीची होती. दुसरी श्रद्धेची होती. तिसरी मात्र सहा वर्षांची होती. नागनाथ धान्याच्या ढिगाऱ्यात तोंडावर पडला आणि पुढचे चार दिवस त्याला कूस बदलता आली नाही.

"तुमचं तर डोसकंच फिरलंय," धुरपताबाई म्हणाली. "उद्या मोटारीखाली झोपा म्हनले तर झोपताल! चला परभणीला."

परभणीला उत्तराबाई म्हणून आयुर्वेदाच्या डॉक्टरीण आहेत. वयानं तरुण, बोलायला रोखठोक. त्यांनी नागनाथला पाठीवर झोपवलं, पाय सरळ वर उचलला, नागनाथनं छपराला ऐकू जाईल अशी हाक मारली, आणि त्या म्हणाल्या, "सायटिका आहे. मणक्यापाशी नस दबली आहे." मग त्यांनी व्यायाम दाखवले, कठीण अंथरुणावर झोपायला सांगितलं, ओझं उचलायचं नाही अशी तंबी दिली. दोन महिने हे सगळं झालं. बस्ती झाल्या, गोळ्या झाल्या. फरक पडायचा तो गोळी पोटात असेपर्यंत. मग एका खेपेला त्या जरा थांबून म्हणाल्या, "एक औषध आहे. विजयाचं तेल."

"द्या की मग. आजवर कामून लपवून ठिवलंत?"

"आधी ऐका. विजया म्हणजे भांग. गांजा ज्या झाडाला येतो त्याच झाडाच्या पानांचा अर्क. कायद्यानं चालतो, पण चिठ्ठी लागते. आणि खरं सांगते, बरं वाटेलच असं मी म्हणणार नाही. नसेच्या दुखण्यात काहींना उतार पडतो, काहींना नाही. अजून अभ्यास चालू आहेत."

नागनाथनं बायकोकडं पाहिलं. धुरपताबाईचा चेहरा असा झाला होता की डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर साप काढून ठेवला असता तरी बरं वाटलं असतं.

"बाई," नागनाथ कसाबसा हसत म्हणाला, "हे म्या आजवर पोत्यानं तोललंय. आन् आता थेंबानं घ्यायचं व्हय?"

"दोन थेंब जिभेखाली. सकाळी आठ, दुपारी तीन. चिठ्ठी सतत खिशात ठेवायची. घ्यायचं नसेल तर जबरदस्ती नाही."

नागनाथनं चिठ्ठीवर औषध घेतलं आणि दोघं घरी आले. बाटली देवळीत ठेवली. नागनाथ तिच्याकडं बघत खाटेवर पडला, आणि उठायला गेला तर पुन्हा ती कळ. तेव्हा त्याच्या मनानं घेतलं, च्यायला, जगात नाव राखायचं तर आधी उभं राहता आलं पाहिजे. पण हे मोंढ्यात कळलं तर? 'गांज्याच्या तारेत तोलतो' असं एक जण जरी म्हणाला, तरी चौतीस वर्षं आणि बापाची चाळीस, सगळं मातीत. कुणी काटा तपासायच्या आधी त्याचे डोळे तपासतील. त्यानं बायकोला बजावलं, "ही गोष्ट या चार भिंतीतच राहिली पायजे. माझ्या गळ्याची आन हाय तुला."

"म्या कुणाला सांगायलेय?" ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवसापासून थेंब सुरू झाले. मापारीच तो; औषधही मोजूनमापून घेणार. सोनाराकडून आणलेला छोटा काटा घरात होता. दर सोमवारी तो बाटली काट्यावर ठेवायचा. आठवड्याला सव्वा ग्राम कमी व्हायला पाहिजे, तेवढंच कमी व्हायचं. तेल हिरवट होतं, कडू जहर होतं, तोंड वाकडं करून तो म्हणायचा, "आगं, लोक हौसेनं कसे काय घेतेत हे?"

आणि काय सांगावं! पंधरा दिवसांत कळ पोटरीपर्यंत वर सरकली. तीन आठवड्यांत मांडीवर आली. महिन्यानं नागनाथ संडासला बसून स्वतःचा स्वतः उठला, आणि त्या दिवशी त्यानं देवापुढं नारळ फोडला. मोंढ्यात लोक विचारू लागले, "काका, कशानं गुण आला ओ?" नागनाथ म्हणायचा, "व्यायाम." दत्ता छाती काढून सांगायचा, "तिसरी लाथ लागू पडली, जरा उशिरा." नागनाथ ते ऐकून घ्यायचा. सांगणार तरी काय? जन्मभर ज्या मालाला रुमाल बांधून हात लावला, त्यानंच आपल्याला उभं केलं, हे त्याला मनातल्या मनात मोठं मजेशीर वाटायचं आणि तेवढंच लाजिरवाणंही. धुरपताबाई मात्र या विषयावर चकार शब्द काढायची नाही. त्यानं कौतुक सुरू केलं की तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

अशात समन्स आलं.

तीन वर्षांपूर्वी पाथरीच्या रस्त्यावर एका जीपमध्ये गांजाची दोन पोती सापडली होती. तो खटला आता परभणीच्या कोर्टात उभा राहिला होता आणि तोलणारा म्हणून नागनाथची साक्ष होती. साक्षीची त्याला भीती नव्हती. भीती होती ती तारखेच्या दिवशीच्या तीन वाजण्याची. थेंब चुकवले आणि पिंजऱ्यातच कळ आली तर? आणि घेतले आणि कुणी बघितलं तर? धुरपताबाई म्हणाली, "मी येते संगं." त्यानं नको म्हटलं नाही.

कोर्टात अकराला बोलावतात म्हणजे अकराला यायचं, एवढंच. पुढं पुकारा कधी होईल ते त्या पट्टेवाल्यालाच ठाऊक. दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसले. धुरपताबाईनं भाकरी आणि ठेचा सोडला, ते खाऊन झालं. एक वाजला, दोन वाजले. घड्याळात तीन वाजले तशी नागनाथची चुळबुळ सुरू झाली. त्यानं इकडंतिकडं बघितलं. शेजारी काळ्या कोटातला एक तरुण वकील मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. नागनाथनं भिंतीकडं तोंड केलं, बाटली काढली, जिभेखाली दोन थेंब सोडले, तोंड वाकडं केलं, बाटली खिशात. झालं. कुणी बघितलं नाही.

बघितलं होतं. त्या वकिलाचं नाव शंतनु, आणि तो नेमका आरोपींचा वकील निघाला.

सव्वातीनला पुकारा झाला. नागनाथ पिंजऱ्यात उभा राहिला. खरं सांगेन, खोटं बोलणार नाही, अशी ईश्वराची शपथ त्यानं घेतली. समोर न्यायाधीश, मागच्या बाकावर धुरपताबाई, दाराशी मानवतचा जमादार. सरकारी वकिलानं विचारलं तसं त्यानं सांगितलं, "तेहतीस किलो आठशे. दोन बारदानाचे बाराशे ग्राम वजा. निव्वळ बत्तीस किलो सहाशे." तीन वर्षांनी, कागद न बघता.

मग शंतनु वकील उठले.

"नागनाथराव, त्या पोत्यांत काय होतं?"

"ते म्या कसं सांगू साहेब? म्या मापारी. म्या वजन सांगतो."

"म्हणजे गांजा होता की आणखी काही, तुम्हाला माहीत नाही?"

"माप माझं साहेब, माल तुमचा."

"माल माझा?" वकील दचकले. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनीही चष्मा पुसायच्या निमित्तानं मान खाली घातली.

"आमच्या वडलांची म्हन हाय," नागनाथ हात जोडून म्हणाला. "तुमाला उद्देशून न्हाई."

वकिलांचे कान लाल झाले होते. ते पुढं आले आणि गोड आवाजात म्हणाले, "बरं. मग मघाशी बाहेर भिंतीकडं तोंड करून जिभेखाली काय टाकलंत? की त्याचंही फक्त वजनच माहीत आहे?"

नागनाथचा हात आपोआप खिशावर गेला. दाराशी जमादार कान टवकारून उभा. तो आज सांजच्याला मोंढ्यात चहा प्यायला जाणार हे ठरलेलं. एका क्षणात नागनाथला सुटकेची वाट दिसली. बापाचं वाक्य होतंच की! 'बाटलीवर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते त्यांना विचारा, मी फक्त थेंब मोजतो.' एवढं म्हटलं असतं तर खोटंही नव्हतं आणि सुटलाही असता. पण शपथ घेऊन दहा मिनिटं झाली नव्हती. आपल्याला पक्कं ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नाही म्हणायची, म्हणजे काट्याखाली पायाचा अंगठा लावून उभं राहायचं. बापाचं वाक्य त्या कामाला वापरायची त्याला लाज वाटली.

"विजयाचं तेल हाय साहेब," तो म्हणाला. "गांजा ज्या झाडाला येतो त्याच झाडाच्या पानाचं."

मागं धुरपताबाई ताडकन उभी राहिली. "अवो—"

"बाई, बसा खाली," पट्टेवाला खेकसला.

"पर साहेब, त्यो—"

"बसा म्हटलं ना! बाहेर काढीन."

ती बसली. पदर तोंडात कोंबून बसली. नागनाथला वाटलं, बिचारीला आपल्या नावाची काळजी लागली. त्यानं खिशातून चिठ्ठी काढून पुढं केली. "सायटिका हाय. डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीनं घेतो. लपवून ठिवलं व्हतं, लोकाच्या भ्यानं. आज शपथेवर इचारलंत, म्हून सांगितलं. आन् तोललं तवा यातलं कायबी न्हवतं. तवा माझी कंबर तुमच्यापेक्षा नीट व्हती."

न्यायाधीशांनी चिठ्ठी वाचली, तारीख बघितली, परत दिली. "औषध चिठ्ठीनं घेतलं आहे, तशी नोंद घ्या," ते म्हणाले. "आणि साक्षीदाराला खुर्ची द्या. आधीच द्यायला हवी होती." शंतनु वकिलांना आणखी काही विचारायचं नव्हतं. नागनाथ सही करून बाहेर आला तेव्हा त्याची मान वर होती. जन्मात एवढं जड काही त्यानं उचललं नव्हतं, आणि उचलून झालं होतं. आता मोंढ्यानं काय म्हणायचं ते म्हणावं.

मानवतच्या एसटीत त्यांना जागा मिळाली. वाटेतलं पेडगाव गेलं तरी धुरपताबाई तोंड फिरवूनच बसली होती. नागनाथच म्हणाला, "का गं, रागावलीस व्हय? खोटं कसं बोलायचं मग?"

"खोटंच बोललाव तुमी," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"काय?"

"त्यात इजया न्हाई. तिळाचं तेल हाय. कडूलिंबाचा पाला कढवून घातलाय, हिरवं दिसावं आन् कडू लागावं म्हून."

नागनाथला आधी कळेचना. कंडक्टर तिकिटं मागत आला, ती त्यानं दाखवली. मग हळूच म्हणाला, "कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आगं, पर म्या दर सोमवारी तोलत व्हतो की!"

"मंग?" धुरपताबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं वळून बघितलं. "तीस वर्सं मापाऱ्याच्या घरात हाय मी. पहिली बाटली रिकामी केली आन् तुमच्याच काट्यावर ठिवून तेवढीच भरली. तुमी तोललं. आत काय हाय ते बघितलं व्हय कवा?"

नागनाथनं आता बाटली काढून उजेडात धरून बघितली आणि परत खिशात ठेवली. बापानंही आधी बघितलं नसतं.

"माझ्या भावाला त्यानं खाल्लं," ती म्हणाली. "ती बाटली घरात ठिववत न्हवती मला. आन् तुमाला इतक्या दिसांनी आशा वाटायली व्हती, तर ती मोडवतबी न्हवती. तुमी रातभर कन्हायचाव, ते ऐकवत न्हवतं. काय करावं मग बाईमाणसानं? आन् तुमाला गुण यायला लागला, तर मी कशाला सांगू? कोर्टात सांगाया उठले, तर त्यो मेला बसा म्हनला."

मग नागनाथनं विचारलं, "आन् खरं तेल? टाकून दिलंस?"

"एवढं महागाचं टाकून देतेय व्हय! माझ्या गुडघ्याला चोळलं." ती डोळे पुसून म्हणाली. "कायबी फरक न्हाई."

नागनाथला हसू आलं. खरंच आलं. तो खदाखदा हसायला लागला, पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. आणि कोल्हापाटीच्या गतिरोधकावर गाडी आदळली तशी कंबरेतून ती जुनी ओळखीची कळ निघाली आणि मांडीवरून, पोटरीतून थेट करंगळीत जाऊन बसली. हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं सीटचा दांडा घट्ट धरला. हात सवयीनं खिशातल्या बाटलीकडं गेला, आणि तसाच परत आला.

रात्री त्यानं दुखण्याचा विचार केला नाही. विचार केला तो शपथेचा. चौतीस वर्षांत एकदाच त्यानं मालाची ग्वाही दिली होती, आणि तीच खोटी पडली होती. सकाळी त्यानं सरकारी वकिलाला फोन लावला. "साहेब, ते तेल इजयाचं न्हवतं. तिळाचं निघालं. कागदावर दुरुस्ती करा." "नागनाथराव," वकील म्हणाले, "तुमचं वजन बरोबर आहे ना? मग झालं तर. आता तिळासाठी कोर्ट परत बसवू का?" आणि फोन ठेवला.

मोंढ्यात तो पोचायच्या आधी बातमी पोचली होती. जमादारानं आपलं काम चोख केलं होतं. नागनाथ कंबर धरत, पाय ओढत काट्यापाशी आला. त्यानं ठरवलं होतं, लपवाछपवीच नको. तिथं हमाल होते, चार आडते होते, दत्ता होता. त्यांच्यापुढं उभं राहून त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, "कोर्टात म्या सांगितलं ते म्या खरं समजून सांगितलं. पर ते तेल तिळाचं व्हतं. घरच्यांनी बदललं व्हतं. नशापाणी म्या कवा केलं न्हाई."

आधी एक आडत्या खोकला. दुसऱ्यानं पंच्यात तोंड लपवलं. आणि अख्खा मोंढा हसला.

"व्हय व्हय, तिळाचं!" कुणीतरी म्हणालं. "संक्रांतीचे तीळ उरले व्हते न्हवं!"

हसून हसून बेजार झालेला एक म्हातारा हमाल जवळ आला आणि कानाशी लागून म्हणाला, "काका, आमच्याबी कमरा गेल्या की ओ पोती उचलून. दोन थेंब आमालाबी द्या. कुणाला न्हाई सांगत."

"आरं, खरंच तिळाचं हाय बाबा!" नागनाथ कळवळून म्हणाला. त्यानं बाटली काढून त्याच्या हातात दिली. "घे, चाखून बघ!"

हमालानं बोटावर थेंब घेतला, जिभेला लावला, तोंड कडू केलं आणि डोळे मिटून उभा राहिला. "आहा," तो म्हणाला. "पायापर्यंत उतरलं बगा."

काय बोलणार? नागनाथ काट्याकडं वळला. पोतं चढलं. त्यानं आकडा बघितला. बाकी काही असो, आकड्याबद्दल तरी विचारतील, एखादा तरी वाकून काट्यात बघेल, असं त्याला वाटलं आणि तो तयारीनं उभा राहिला. कुणी वाकलं नाही. आडत्यानं नेहमीसारखं पेन काढलं.

"तुमी कामून काळजी करायलाव काका?" दत्ता पोत्याला टेकून, प्रेमानंच म्हणाला. "तुमच्या मापावर कुणाचाबी शक न्हाई. माप तुमचं. माल काय व्हता, ते आमाला म्हाईत हाय."

नागनाथनं कंबरेवर हात ठेवला, कळ गिळली, आणि पहिल्या पोत्याला म्हणाला, "लाभ."